वाळली तर अन्न, ओली राहिली तर विष

होळी झाली की बाजारात कलिंगडांचे ढीग लागतात. एप्रिल-मेमध्ये आंबा येतो, पावसाच्या तोंडावर फणस आणि जांभूळ. लाल भोपळा आणि चिंच तर वर्षभर घरात असतात. गर खाऊन झाला की कोयी, आठळ्या, बिया, चिंचोके हे सगळे केराच्या डब्यात जाते. त्याच संध्याकाळी आपण वाण्याच्या दुकानात जातो आणि खिरीसाठी चारोळीची, लाडवासाठी मगजाची इवलीशी पुडी विकत घेतो. चारोळी म्हणजे तरी काय? जंगलातल्या चाराच्या फळाची बी. आदिवासी बहिणी ती वेचतात, वाळवतात आणि फोडून आतला दाणा काढतात. मगज म्हणजे कलिंगड, खरबूज, काकडी, भोपळा यांच्या बियांतला दाणा. दुकानात पुडीत बसली म्हणून ती बी मेवा झाली आणि आपल्या घरी डब्यात पडली म्हणून कचरा झाली. या दोहोंच्या मध्ये घडले ते एवढेच की कोणीतरी ती बी धुतली, वाळवली आणि सोलली.

आजच्या लेखात आम्ही या वाळवण्याविषयीच लिहिणार आहोत. विषय लहान वाटेल, परंतु त्यात पोषणाचा प्रश्न आहे आणि जीवाचाही आहे.

प्रथम एका आक्षेपाचे उत्तर

हा विषय आम्ही चारचौघांत काढतो तेव्हा एखादे वडीलधारे गृहस्थ ताडकन म्हणतात, "पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला टाकलेलेच खायला घातले. आता शिकूनसवरून तुम्ही पुन्हा टाकलेलेच खा म्हणता काय?" हा प्रश्न रागाचा आहे, पण खोटा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले, प्रसंगी उपाशी राहिल्या, पण पुन्हा दुसऱ्याच्या दारात टोपली घेऊन उभ्या राहिल्या नाहीत. त्या निर्धारावर आजचे आपले घर उभे आहे. तेव्हा या शंकेला बगल देऊन पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

आमचे म्हणणे असे. उष्टे तुकडे सोडायचे ते ते दुसऱ्याच्या पानातले होते म्हणून, ते देणारा उंच आणि घेणारा नीच ठरत होता म्हणून. आपण आपल्या पैशाने आणलेल्या भोपळ्याच्या बिया कोणाचे उष्टे नाहीत. त्यांची किंमत आपण तराजूत मोजलेली आहे. पैसे देऊन आणलेल्या वस्तूचा पौष्टिक भाग फेकून द्यायचा आणि तोच दुसऱ्याकडून पुन्हा पैसे देऊन पुडीत घ्यायचा, यात स्वाभिमान कोणता? मात्र एक गोष्ट आम्ही आताच सांगून ठेवतो. बी खावी ती आपल्या मर्जीने, पोटभर जेवणाच्या जोडीला. भाकरी नाही म्हणून बी खाण्याची पाळी कोणावर येत असेल तर तिथे पाककृती सांगणे हा अपराध आहे. तिथे भाकरी मागायची असते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

बीच्या पोटात काय असते

बी म्हणजे झाडाचे लेकरू आणि त्याची शिदोरी. कोंब जमिनीतून वर येऊन पान उघडेपर्यंत त्याला बाहेरून अन्न मिळत नाही. तोपर्यंत लागणारे सगळे झाड बीमध्ये बांधून देते. म्हणूनच फळाच्या गरात पाणी आणि साखर अधिक, तर बीमध्ये प्रथिने, तेल, पिष्ट आणि खनिजे अधिक.

आकडे पाहू. भोपळ्याच्या सोललेल्या वाळक्या दाण्यांत शंभर ग्रॅमला सुमारे ३० ग्रॅम प्रथिने असतात. कलिंगडाच्या दाण्यांत सुमारे २८ ग्रॅम. शेंगदाण्यात ती २५-२६ ग्रॅम असतात. म्हणजे ज्या शेंगदाण्याचा कूट आपण जपून वापरतो त्याच्या बरोबरीची ही वस्तू आहे. फणसाच्या आठळीत तेल फारच थोडे, पिष्ट भरपूर. वाळवून केलेल्या तिच्या पिठात प्रथिने शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास भरतात.

आम्ही कारकुनी पेशाची माणसे, जमेबरोबर खर्चाची बाजूही लिहिली नाही तर झोप लागत नाही. म्हणून पुढचा हिशेबही वाचा. दहा ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा भोपळ्याच्या दाण्यांतून ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. त्या एका चमच्यातून लोह मिळते ते एका मिलिग्रॅमपेक्षा कमी, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे. तेव्हा "बिया खा आणि रक्त वाढवा" असे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नका. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. तो एका चमच्याने जाणार नाही. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत. बिया म्हणजे डाळ, पालेभाजी, अंडी, कडधान्य यांच्या जोडीला मिळालेली भर. लहान भर, पण रोजची आणि जवळजवळ फुकटची.

सगळा खेळ पाण्याचा

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ताज्या आठळीत निम्म्याहून अधिक पाणी असते. ओल आणि ऊब मिळाली की बीला कोंब फुटतो किंवा तिच्यावर बुरशी चढते. बुरशीच्या काही जाती विषारी द्रव्य तयार करतात. त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाला घालते. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि घरच्या भाजण्या-उकळण्याने त्याचा नाश होतो असे समजू नये. वरची हिरवी-काळी बुरशी पुसली, बी धुतली, तरी आत मुरलेले विष तिथेच राहते. उपाय एकच, बुरशी येण्यापूर्वी बीमधले पाणी काढून टाकणे. शंभरातले आठ-दहा भाग पाणी उरले की बुरशीला जगता येत नाही.

हे कागदी ज्ञान नाही. ऑगस्ट २००१ मध्ये ओडिशाच्या रायगडा जिल्ह्यात, काशीपूर भागात, आंब्याच्या कोयींची पेज खाऊन अनेक आदिवासी मरण पावले. तिथे उन्हाळ्यात कोयी फोडून आतला गर वाळवतात, साठवतात आणि पावसाळ्यात घरातले धान्य संपले की त्याची पेज करतात. पावसाळी हवेत साठवलेल्या गराला ओल लागते, बुरशी येते. सरकारने सांगितले की हे विषबाधेचे बळी आहेत. कार्यकर्त्यांनी सांगितले की हे भुकेचे बळी आहेत. आमच्या मते दोन्ही म्हणणी एकाच ठिकाणी येतात. ज्याच्या घरात धान्य आहे तो बुरशीची पेज कशाला खाईल? आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओडिशाच्याच कंधमाळ जिल्ह्यात कोयींची पेज खाऊन आदिवासी महिलांचा मृत्यू झाला, आणखी काहीजणी आजारी पडल्या. रेशनचा तांदूळ मिळाला नव्हता अशा तक्रारी तेव्हाही वृत्तपत्रांत आल्या. तेवीस वर्षांत काहीच बदलले नाही, हे वाचून आपली मान खाली जायला हवी.

महाराष्ट्रातही १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. त्यांना विचारा, भूक माणसाला काय काय खायला लावते ते.

वाळवण्याची रीत

आता कामाला लागू. पुढील रीत भोपळा, कलिंगड, खरबूज यांच्या बियांना जशीच्या तशी लागू पडते. आठळीचा फरक पुढे सांगू.

बी फळातून काढली की त्याच दिवशी धुवावी. चोथा आणि चिकट गर राहिला तर पहिली बुरशी त्यावरच येते. चाळणीत घेऊन हाताने चोळावी, दोन-तीन पाण्यांनी धुवावी, पाणी निथळू द्यावे. पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया काढून टाकाव्यात.

नंतर परातीत किंवा स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर एकाच थरात पसरावी. बीवर बी चढता कामा नये. जमिनीवर किंवा रस्त्याच्या कडेला वाळत घालू नये, खाटेवर किंवा उलट्या टोपल्यांवर ठेवावी म्हणजे खालूनही वारा लागतो. वस्तीत पत्र्यावर वाळत घालण्याची सोय असते, पण मे महिन्याचा पत्रा इतका तापतो की वरून बी करपते आणि आत ओली राहते. म्हणून पत्र्यावर आधी जाड गोधडी आणि वर कापड घालावे. माश्या आणि धूळ बसू नये म्हणून जुन्या धुतलेल्या ओढणीने झाकावे. दिवसातून तीन-चार वेळा हात फिरवावा. दिवस मावळण्यापूर्वी घरात घ्यावे, कारण रात्रीचे दव दिवसभराची मेहनत फुकट घालवते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात लहान बियांना तीन ते पाच दिवस लागतात.

ज्यांच्या खोलीला ऊनच नाही अशी घरे शहरात हजारो आहेत. त्यांनी पंख्याखाली दोन दिवस बी कोरडी करावी आणि नंतर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, सतत हलवत पंधरा-वीस मिनिटे शेकावी. अशी बी लवकर वापरून टाकावी.

बी वाळली हे ओळखायचे कसे? तीन खुणा आहेत. पहिली, बी नखाने दाबली तर नख रुतत नाही आणि मोडली तर कट्‌कन आवाज होतो. वाकली तर ओली समजावी. दुसरी खूण मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत चमचाभर अगदी कोरडे मीठ घ्यावे, त्यात बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या बिया टाकाव्यात, झाकण लावून दोन मिनिटे हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटले तर बियांत अजून पाणी आहे. मीठ सुटे राहिले तर काम झाले. तिसरी खूण आमच्या आवडीची, वजनाची. पहिल्या दिवशी वजन करून वहीत लिहावे, रोज संध्याकाळी पुन्हा करावे. लागोपाठ दोन दिवस वजन घटले नाही की जितके पाणी जायचे तितके गेले. घरी काटा नसेल तर वाण्याकडे जाऊन यावे.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. समजा आपण एक किलो ताज्या आठळ्या घेतल्या आणि त्यांत ५५ टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा भाग ४५० ग्रॅम. शेवटी दहा टक्के पाणी ठेवायचे असेल तर वजन बरोबर ५०० ग्रॅम भरायला हवे. वरचे सालपट काढले तर त्याहून थोडे कमी. पण सहाशे ग्रॅमवर आपण समाधान मानून डबा भरला, तर त्या वरच्या शंभर ग्रॅम पाण्यात पुढच्या महिन्याची बुरशी भरून ठेवली असे समजावे.

वाळलेली बी गरम असताना डब्यात भरू नये, घाम सुटतो. पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पीठ किंवा पूड करायची ती पंधरा दिवसांपुरतीच. भोपळ्या-कलिंगडाच्या दाण्यांत तेल पुष्कळ, पूड केली की ती लवकर खवट होते. खवट वास, कडवट चव किंवा बुरशीचा एक ठिपका दिसला तरी डबाभर माल टाकून द्यावा. इथे काटकसर करू नये.

कोणती बी कशी वापरावी

भोपळा, कलिंगड, खरबूज : वाळलेली बी मंद भाजून, सोलून तोंडात टाकता येते. सोलायचा कंटाळा असेल तर टरफलासकट भाजून मिक्सरमधून काढावी आणि चाळून घ्यावी. ही पूड लसूण-मिरचीबरोबर चटणीत, रश्श्याच्या वाटणात खोबऱ्याऐवजी किंवा भाकरीच्या पिठात घालता येते. चटणीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय सोडावी, चहा लोह अडवतो. भोपळा किंवा त्याची बी कडू लागली तर दोन्ही फेकून द्यावे, तो कडूपणा पोटाला घातक असतो.

फणसाची आठळी : फणसाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा आठळ्यांचा असतो. कोकणात ही कधीच कचरा नव्हती. तिथे आठळ्या मातीत किंवा राखेत ठेवून पावसाळ्यात भाजून, उकडून, आमटी-भाजीत घालून खातात. कचरा झाली ती शहरात, सोललेले गरे विकत घेणाऱ्यांकडे. आठळी कच्ची कधीही खाऊ नये. तिच्यात प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य असते, ते शिजवल्याने निकामी होते. पिठासाठी आठळ्या धुऊन दिवसभर सुकवाव्यात, वरचे पांढरे सालपट काढावे, वीस मिनिटे उकडून पातळ चकत्या कराव्यात आणि त्या कडकडीत वाळवून दळाव्यात. आतली तांबूस साल राहिली तरी चालते. या पिठाला चिकी नसते, नुसत्या पिठाची पोळी लाटता येणार नाही. चार भाग गहू-ज्वारीला एक भाग आठळीचे पीठ हे प्रमाण ठीक. सुरुवातीला कमी घ्यावे, काहींना पोटात वायू धरतो. अडचण एकच, फणस पिकतो मे-जूनमध्ये आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस दारात. म्हणून मेमध्ये आलेल्या फणसाच्या आठळ्याच वाळवाव्यात, पावसातल्या ताज्या उकडून खाऊन टाकाव्यात.

चिंचोका : भाजलेले चिंचोके लहानपणी कोणी खाल्ले नाहीत? धनगर बांधव घोंगडीला देतात ती खळ याच चिंचोक्याची, आणि कापड गिरण्यांतही सुताच्या खळीसाठी त्याची पूड वापरतात. वरचे तपकिरी टरफल तुरट असते, ते पोटात जाऊ देऊ नये. चिंचोके भाजून, कुटून टरफल पाखडावे. आतला पांढरा दाणा रात्रभर भिजवून, शिजवून, वाळवून दळता येतो. ही पूड आमटी-रस्सा दाट करते. चमचाभर पुरे.

आंब्याची कोय : हिच्याबद्दल आम्ही हात राखून लिहितो. आतला गर तुरट-कडू असतो, तो उकडून, पाणी बदलून, वाळवूनच खाण्याजोगा होतो. गुजरातेत त्याचे तुकडे उकडून, भाजून, मीठ लावून मुखवास करतात, तेवढ्यापुरता तो ठीक. कोयींची पेज हे रोजचे अन्न म्हणून कोणीही सुचवू नये. गंमत अशी की कोयीच्या गरातून निघणारे घट्ट तेल चॉकलेटमध्ये घालायला युरोपीय संघाने २००० साली मान्यता दिली. त्या सहा तेलांच्या यादीत साल आणि आपल्या कोकणातील कोकमाच्या बियांचे तेलही आहे. पाच टक्क्यांपर्यंत घालता येते. एकाच झाडाच्या कोयी. ज्यांच्याकडे वाळवणयंत्र, कोरडे गोदाम आणि तपासणीची प्रयोगशाळा आहे, त्यांच्या हातात त्याचे चॉकलेट होते. ज्याच्याकडे गळके छप्पर आहे त्याच्या हातात पेज.

या बियांना हात लावू नका

सगळ्याच बिया खाण्याच्या नसतात. सीताफळ आणि रामफळाच्या बिया विषारी आहेत. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावण्याची जुनी सवय आहे, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. सफरचंदाच्या बिया आणि कडू जर्दाळूच्या कोयीतला दाणा चावून खाल्ल्यास पोटात सायनाइड तयार होते. लिचीची बी खाऊ नये. पपईच्या बिया गर्भवती भगिनींनी टाळाव्यात. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहावर घेतात, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नये. पेरणीसाठी पाकिटात मिळणारे बियाणे तर कधीच खाऊ नये, त्याला औषध चोळलेले असते. पाच वर्षांखालील मुलांना अख्ख्या बिया देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना बारीक पूडच द्यावी.

काम कोणाचे, हक्क कोणाचा

आता शेवटचे दोन शब्द. हे सगळे वाचून घरातले पुरुष बाईला म्हणतील, "वाच, आणि उद्यापासून बिया वाळव." आमची विनंती अशी की हा लेख पुरुषांनी आधी वाचावा. बिया धुणे, गच्चीवर नेणे, संध्याकाळी आणणे, वजन लिहिणे यांतले एकही काम असे नाही की जे पुरुषाच्या हाताला जमणार नाही. आधीच चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बहिणीच्या डोक्यावर पोषणाच्या नावाखाली पाचवे ओझे चढवणे हे काही समाजकार्य नव्हे.

बचत गटांतील भगिनींना हा जोडधंदा म्हणून सुचवावासा वाटतो. गरे विकणारे, रसवाले, भाजीवाले यांच्याकडे बिया ढिगाने निघतात. मात्र त्या ज्या दिवशी निघाल्या त्याच दिवशी उचलायच्या, दुसऱ्या दिवशीच्या कुजक्या ढिगातून वेचायच्या नाहीत. विक्री करायची असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करून घ्यावी, पाकिटावर तारीख टाकावी. दहा घरांनी मिळून एक सौर वाळवणी पेटी केली, म्हणजे आत काळा रंग दिलेली, वर काच आणि दोन बाजूंना जाळीची भोके असलेली लाकडी पेटी, तर धूळ, माश्या आणि अवेळी येणारा पाऊस या तिन्हींची चिंता बरीच कमी होते.

आणि ज्या वस्तीत रेशन वेळेवर येत नाही, अंगणवाडीतला आहार मुलांपर्यंत पोहोचत नाही, तिथे आपण कार्यकर्त्यांनी बियांची वही बाजूला ठेवून तक्रारीची वही उघडावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क झालेला आहे. शिधापत्रिका, दुकानाचा फलक, मिळालेल्या आणि न मिळालेल्या धान्याच्या तारखा हे सगळे लिहून तहसील कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बिया पोषणाची भर घालतील, हक्काच्या धान्याची जागा घेणार नाहीत, आणि कोणी ती जागा बियांना देऊ पाहील तर आपण विरोध केला पाहिजे.

येत्या आठवड्यात घरी लाल भोपळा आणाल तेव्हा त्याच्या मुठीभर बियांपासून सुरुवात करा. धुवा, वाळवा, वजन लिहा, मिठाची परीक्षा घ्या. चटणी कशी झाली ते आणि वहीतले आकडे आम्हाला अवश्य कळवा. पुढल्या लेखांत आम्ही त्यांचा उपयोग करू.